रोजचा मान्ना : पवित्र शास्त्राच्या नित्य वाचनातून आध्यात्मिक नवीकरण

तपसाधना आटोपून घरी परतलेल्या भाविकाच्या चेहऱ्यावर काही दिवस एक वेगळेच समाधान दिसते. प्रवचने ऐकलेली असतात, प्रायश्चित्त संस्कार घेतलेला असतो, पवित्र साक्रामेंतापुढे निवांत वेळ गेलेला असतो. पुढे सकाळची लोकल, मुलांची शाळा, वाडीतली कामे, घरातली आजारपणे यांचे चक्र पुन्हा सुरू होते आणि महिन्या-दीड महिन्यात ते समाधान ओसरते. मग आपल्या श्रद्धेतच काही खोट आहे की काय, अशी शंका मनाला कुरतडू लागते. तपसाधनेचे मोल मोठेच आहे. परंतु नवीकरण म्हणजे वर्षातून एकदा येणारा पूर, ही जी समजूत आपल्यात रुजली आहे तिला पवित्र शास्त्रात फारसा आधार सापडत नाही. शास्त्र नवीकरणाविषयी बोलते तेव्हा त्याचे माप बहुधा एका दिवसाचे असते. या दैनंदिन नवीकरणाचा शास्त्रातील पाया, ख्रिस्तसभेने त्यासाठी सिद्ध केलेली वाचनाची परंपरा आणि ती आपल्या घरात कशी चालवता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एका दिवसाचे माप

निर्गम या ग्रंथाच्या १६ व्या अध्यायात रानातल्या मान्न्याची कथा येते. मिसर देशातून सुटून जेमतेम एक महिना झालेल्या इस्राएली लोकांना भुकेपोटी मिसरातील मांसाची भांडी आठवू लागतात. देव त्यांना आकाशातून अन्न देतो. परंतु ते देण्याची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. सकाळचे दव विरल्यावर जमिनीवर जे बारीक, खवल्यांसारखे दिसे ते माणशी एक ओमर या मापाने गोळा करायचे. कोणी अधिक गोळा केले, कोणी कमी. मापून पाहिले तेव्हा कोणाचे उरले नाही, कोणाला कमी पडले नाही. ऊन तापले की रानात राहिलेले वितळून जाई. ज्यांनी उद्याची तरतूद म्हणून ठेवून दिले त्यांच्या मान्न्यात किडे पडले आणि त्याला दुर्गंधी सुटली. केवळ सहाव्या दिवशी दुप्पट मिळे, कारण सातवा दिवस विसाव्याचा होता. देवाने वर्षभराचा साठा एकदम का दिला नाही, याचा उलगडा त्याच अध्यायाच्या चौथ्या वचनात होतो. लोक रोज बाहेर येऊन रोजच्या पुरते घेतात की नाही, यातच त्यांच्या विश्वासाची कसोटी होती. अन्न देवाचे होते, पण तंबूबाहेर येऊन वाकून ते वेचण्याचे काम ज्याचे त्यानेच करायचे होते.

या कथेचा पुढचा भाग आपण सहसा वाचत नाही. गणना या ग्रंथाच्या ११ व्या आणि २१ व्या अध्यायांत तेच लोक त्याच मान्न्याला कंटाळतात. काकड्या, खरबुजे, कांदे आणि लसूण यांच्या आठवणीने ते रडतात आणि देवाने दिलेल्या अन्नाला हलके, निःसत्त्व म्हणतात. दैनंदिन शास्त्रवाचन करू पाहणाऱ्या ज्या कोणाला चौथ्या-पाचव्या आठवड्यात कंटाळा येतो, त्याने आपण काही अघटित पाप केले असे मानण्याचे कारण नाही. हा कंटाळा स्वतः शास्त्राने नोंदवून ठेवलेला आहे. तो आला म्हणून मान्ना पडायचा थांबला नाही, हेही तेथेच नोंदलेले आहे. यहोशवाच्या पाचव्या अध्यायानुसार, कनान देशातील पीक लोकांनी खाल्ले त्याच्या दुसऱ्या दिवशी तो बंद झाला. तोवर ४० वर्षे तो पडत राहिला.

प्रभू येशूने शिकविलेल्या प्रार्थनेत भाकरीची जी मागणी आहे तिच्यातही हेच माप आहे. तेथे भाकरीला लावलेले मूळ ग्रीक विशेषण ‘एपिऊसियोस’ इतके दुर्मीळ आहे की त्याच्या अर्थाविषयी विद्वानांत आजही एकमत नाही. बायबलचे लॅटिन भाषांतर करणाऱ्या संत जेरोम यांनी लूकच्या शुभवर्तमानात त्याचे ‘रोजची’ असे भाषांतर केले, तर मत्तयच्या शुभवर्तमानात त्याच शब्दासाठी ‘सर्व पदार्थांच्या पलीकडची’ अशा अर्थाचा लॅटिन शब्द योजला. ख्रिस्तसभेने दोन्ही अर्थ जपले. त्यामुळे ती प्रार्थना म्हणताना ताटातली भाकर, देवाचे वचन आणि ख्रिस्तशरीर या तिन्ही गोष्टी आपण आजच्या दिवसापुरत्या मागत असतो. लूकच्या लेखणीचा आणखी एक विशेष येथे सांगावासा वाटतो. आपला क्रूस उचलून मागे येण्याचे आवाहन मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनीही नोंदविले आहे. त्यात ‘दररोज’ हा शब्द मात्र एकट्या लूकने लिहिला आहे.

संत पौल करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायात म्हणतो की, त्याचा बाह्य देह झिजत चालला असला तरी अंतरंग दिवसेंदिवस नवे होत आहे. पौल हे निवांत बसून लिहीत नव्हता. त्याच पत्राच्या ११ व्या अध्यायात त्याने खाल्लेल्या फटक्यांची, फुटलेल्या जहाजांची, उपासमारीची आणि रात्रीच्या जागरणांची यादी दिली आहे. झीज आणि नवीकरण या त्याच्या लेखी एकाच वेळी चालणाऱ्या दोन क्रिया आहेत. नवीकरण झाले म्हणजे झीज थांबते, असे तो कोठेही म्हणत नाही.

देवाची दया रोज सकाळी नवी होते हे विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायातील वचन तर अनेकांच्या घरी भिंतीवर टांगलेले असते. ते कोठून आले आहे हे पाहिले की त्याचा भार कळतो. इसवी सनापूर्वी ५८७ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळले, मंदिर पाडले, लोकांना पकडून नेले. रस्त्यांत मुले भुकेने मूर्च्छित पडत होती. त्या राखेवर बसून हे पाच विलाप रचले गेले. त्यांपैकी पहिले चार हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांच्या क्रमाने बांधलेले आहेत. तिसऱ्यात प्रत्येक अक्षराला तीन ओळी आहेत. म्हणजे शोक अनावर असतानाही कवी अक्षरामागून अक्षर, क्रमाने चालला आहे. या तिसऱ्या विलापात आरंभी तो देवावर उघड आरोप करतो : त्याने मला अंधारात चालविले, माझी वाट दगडांनी बुजविली, माझ्या प्रार्थनेला दार लावून घेतले. त्यानंतर आठव्या अक्षरावर, कोणतीही परिस्थिती बदललेली नसताना, देवाच्या दयेची ती आठवण येते. पुढे विलाप पुन्हा सुरूच राहतो. ज्याच्या घरी नुकताच मृत्यू झाला आहे, ज्याची नोकरी गेली आहे, त्याला हा संपूर्ण अध्याय वाचून दाखवावा, केवळ ती एक सुवाच्य ओळ नव्हे.

सकाळी ऐकणे आणि दिवसभराचे दुःख यांचा संबंध यशयाच्या ५० व्या अध्यायातही आहे. प्रभूचा सेवक तेथे सांगतो की, देव रोज सकाळी आपला कान जागा करतो, आणि तो कशासाठी, तर थकल्याभागल्याला शब्दाने आधार देता यावा यासाठी. लगेच पुढच्या वचनांत तो मारणाऱ्यांपुढे पाठ करतो. झावळ्यांच्या रविवारी दरवर्षी हे पहिले वाचन म्हणून आपण ऐकतो आणि त्यात ख्रिस्ताचा चेहरा पाहतो. स्वतः येशूची सकाळ कशी असे, हे मार्कच्या पहिल्या अध्यायात दिसते. कफर्णहूममध्ये आदल्या सायंकाळी सगळे गाव दारात लोटले होते, रोग्यांची रीघ लागली होती. दुसऱ्या दिवशी मोठ्या पहाटे, अंधार असतानाच, तो उठून एकांतात प्रार्थनेला गेला. शिष्य त्याला शोधत आले. त्यांच्या मते ती वेळ वाया गेली होती.

ख्रिस्तसभेचा नित्यपाठ

मराठी माणसाला ‘पारायण’ आणि ‘नित्यपाठ’ हे दोन्ही शब्द परिचयाचे आहेत. पारायणात ग्रंथ आरंभापासून शेवटपर्यंत ठरलेल्या मुदतीत वाचून काढायचा असतो. नित्यपाठात रोजचा वाटा रोज घ्यायचा असतो. वर्षभरात संपूर्ण बायबल वाचण्याचा संकल्प जानेवारीत पुष्कळजण करतात आणि लेवीय या ग्रंथापाशी येऊन अडखळतात. त्यांच्या निष्ठेविषयी आदर आहेच. तथापि कॅथलिक भाविकासाठी ख्रिस्तसभेने नित्यपाठाची सोय आधीच करून ठेवली आहे, आणि ती म्हणजे मिस्सेची दैनंदिन वाचने.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेपूर्वी मिस्सेतील वाचनांचे चक्र एका वर्षाचे होते आणि जुन्या करारातील फार थोडा भाग भाविकांच्या कानी पडे. परिषदेने १९६३ मध्ये उपासनेविषयीच्या दस्तऐवजात शास्त्राचे भांडार अधिक उदारपणे उघडावे, असे सांगितले. दैवी प्रकटीकरणाविषयीचा ‘देई व्हेर्बुम’ हा दस्तऐवज १८ नोव्हेंबर १९६५ रोजी प्रसृत झाला. शास्त्रवाचन हे केवळ धर्मगुरूंचे व धर्मभगिनींचे काम नसून ते सर्व श्रद्धावंतांनी वारंवार आणि प्रार्थनेसह करावे, असा आग्रह त्यात आहे. त्यानुसार १९६९ मध्ये नवा वाचनक्रम सिद्ध झाला.

हा क्रम समजून घेणे कठीण नाही. रविवारचे चक्र तीन वर्षांचे असते. ‘अ’ वर्षी मुख्यतः मत्तय, ‘ब’ वर्षी मार्क आणि ‘क’ वर्षी लूक वाचला जातो. इसवी सनाच्या आकड्याला ३ ने निःशेष भाग गेला तर ते ‘क’ वर्ष. २०२५ हे तसे होते. बाकी १ उरली तर ‘अ’ आणि २ उरली तर ‘ब’. मात्र उपासना-वर्ष आदल्या वर्षाच्या आगमनकाळापासून सुरू होते, हे ध्यानात ठेवावे. योहानचे शुभवर्तमान मुख्यत्वे उपवासकाळ आणि पुनरुत्थानकाळ यांत येते. शिवाय मार्कचे शुभवर्तमान आखूड असल्याने ‘ब’ वर्षी सामान्य काळाच्या १७ व्या ते २१ व्या रविवारपर्यंत योहानचा सहावा अध्याय वाचला जातो. मान्ना खाऊनही वाडवडील मरण पावले, याची आठवण देऊन येशू स्वतःला जीवनाची भाकर म्हणवितो, तो हाच अध्याय. सामान्य काळातील इतर वारी पहिले वाचन दोन वर्षांच्या चक्राने बदलते, विषम वर्षी एक आणि सम वर्षी दुसरे. शुभवर्तमान मात्र दरवर्षी तेच असते : पहिल्या नऊ आठवड्यांत मार्क, दहाव्यापासून एकविसाव्यापर्यंत मत्तय आणि बाविसाव्यापासून चौतिसाव्यापर्यंत लूक.

या क्रमाचा सर्वांत मोठा लाभ, माझ्या मते, हा की आजचा उतारा आपण निवडलेला नसतो. आवडीची वचने पुन्हा पुन्हा वाचणाऱ्याला शास्त्र हळूहळू त्याच्याच आवाजात बोलू लागते. नेमलेला उतारा मात्र नको त्या दिवशी नको ते विचारतो. भावाशी जमिनीवरून बोलणे बंद आहे, आणि आजच्या शुभवर्तमानात वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करण्यास सांगितले आहे! इसवी सन २७० च्या सुमारास मिसर देशातील अँटनी नावाचा तरुण चर्चमध्ये शिरला तेव्हा नेमके श्रीमंत तरुणाचे शुभवर्तमान वाचले जात होते. त्याने आपली वडिलोपार्जित जमीन देऊन टाकली, बहिणीसाठी थोडे मागे ठेवले. पुन्हा एकदा तो चर्चमध्ये गेला तेव्हा उद्याची चिंता न करण्याविषयीचे वचन कानी पडले आणि त्याने उरलेलेही वाटून टाकले. संत अथानासिउस यांनी लिहिलेल्या त्याच्या चरित्रात हे प्रसंग आहेत. अँटनीने ती वचने शोधून काढली नव्हती, त्या-त्या वेळी ती चर्चमध्ये वाचली जात होती.

याउलट बायबल मध्येच कोठेतरी उघडून बोट पडेल ते वचन आजचा संदेश मानण्याची सवय आपल्याकडे आहे. संत ऑगस्टिन यांचे जीवन इसवी सन ३८६ मध्ये मिलान येथे अशाच एका उघडलेल्या पानाने पालटले, हे खरे. परंतु ऐहिक कामकाजाचा कौल शास्त्राच्या पानांतून घेण्याची रीत आपल्याला रुचत नाही, असे त्यांनीच पुढे एका पत्रात लिहिले. मोबाइलवर सकाळी येणारी सुटी वचने हा त्याचाच नवा अवतार म्हणावा लागेल. यिर्मयाच्या २९ व्या अध्यायातील, देवाच्या मनात आपल्या हिताच्या योजना आहेत, हे वचन त्यांत वरचेवर असते. त्याच्या लगेच आधीच्या वचनात देव बंदिवानांना सांगतो की, सुटका ७० वर्षांनी होईल. तोवर परक्या देशात घरे बांधा, बागा लावा, त्या शहरासाठी प्रार्थना करा. दोनच वर्षांत सुटका होईल, असे गोड भविष्य सांगणारा हनन्या मागच्याच अध्यायात खोटा ठरला आहे. ज्या पिढीने ते पत्र ऐकले तिच्यातील बहुतेकजण मायदेशी परतले नाहीत. आशेचे ते वचन त्यांनाच दिलेले होते.

२०२० च्या टाळेबंदीत चर्चची दारे बंद झाली आणि त्या वर्षीचा १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण घरातच साजरा करावा लागला. ख्रिस्तप्रसाद मिळत नव्हता. वचन मात्र प्रत्येक घरात होते. ते नुसते शोकेसमध्ये आहे की रोज उघडले जाते, हे त्या दिवसांत ज्याचे त्याला कळले. वचन आणि ख्रिस्तशरीर ही एकाच मेजावरची भाकर आहे, असे देई व्हेर्बुम शिकवते. घरी केलेले वाचन मिस्सेची जागा घेत नाही. परंतु ज्याला कामामुळे रोज मिस्सेला जाता येत नाही, तो तीच वाचने घरी वाचतो तेव्हा जगभरच्या वेद्यांवर त्या दिवशी जे घोषित होते त्यात तो सहभागी होतो.

वाचन आणि रवंथ

प्रश्न उरतो तो वाचावे कसे, हा. वर्तमानपत्र वाचतो तसे शुभवर्तमान वाचले तर दोन मिनिटांत संपते आणि हाती काही लागत नाही. या संदर्भात मठवासी परंपरेने जपलेली ‘लेक्सियो दिविना’ म्हणजे पवित्र वाचनाची पद्धत सर्वांत उपयोगी ठरली आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमावलीच्या ४८ व्या प्रकरणात श्रमाच्या वेळांबरोबर वाचनाच्या वेळाही नेमून दिल्या. उपवासकाळात प्रत्येक भिक्षूला ग्रंथालयातून एक ग्रंथ मिळे आणि तो त्याने क्रमाने, पूर्ण वाचायचा असे. वाचनाच्या वेळी कोणी कंटाळून गप्पा मारीत किंवा रिकामा बसला आहे का, हे पाहण्यासाठी एक-दोन ज्येष्ठांनी फेरी मारावी, असेही त्या नियमात आहे. मठातही कंटाळा गृहीत धरलेला होता, हे वाचून आपल्याला धीर यावा.

बाराव्या शतकात गिगो द्वितीय या कार्थुसियन मठाधिपतींनी या वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतनमय दर्शन. त्यांनी त्यासाठी खाण्याचे रूपक वापरले आहे. घास तोंडात घेणे म्हणजे वाचन, तो चावणे म्हणजे मनन, त्याची चव लागणे म्हणजे प्रार्थना, आणि त्या गोडव्याने तृप्त होणे म्हणजे दर्शन. मननासाठी प्राचीन भिक्षू जो लॅटिन शब्द वापरीत त्याला आपल्या भाषेत नेमका प्रतिशब्द आहे : रवंथ. गाय चरताना भराभर चरते आणि मग सावलीत बसून तेच पुन्हा पुन्हा चघळते. एकच शब्द किंवा एकच वाक्य धरावे, ते हळू आवाजात पुन्हा म्हणावे, ते कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी म्हटले हे पाहावे. मग त्यातून जे मनात येईल, मग ते उपकारस्मरण असो, लाज असो की तक्रार, ते तसेच देवापुढे मांडावे. चौथ्या पायरीसाठी धडपड करू नये, ती दिलेली असते. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २०१० च्या ‘व्हेर्बुम डोमिनी’ या पत्रकात या पायऱ्या सांगून, वाचन कृतीत उतरल्याखेरीज पूर्ण होत नाही, याची जोड दिली. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये सामान्य काळाचा तिसरा रविवार ‘देवाच्या वचनाचा रविवार’ म्हणून नेमला.

मराठी भाषकांना तर हे वाचन आपल्या भाषेत करण्याचे मोठे भाग्य लाभले आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. नवख्रिस्ती लोकांना वाचण्यासाठी स्वतःचे पुराण हवे होते, ही त्यामागची प्रेरणा ग्रंथाच्या आरंभीच आली आहे. रोज ऐकावे, गावे असे काही त्यांना हवे होते, आणि फादरांनी ते त्यांना ओवीत दिले. पंडिता रमाबाई यांनी केडगाव येथे हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले; १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या वसई धर्मप्रांताचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २५ जुलै २०२४) यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीच्या पुरस्काराचा मान मिळाला आणि ते ख्रिस्ती समाजाबाहेरच्या मराठी घरांतही पोहोचले. आपल्या आजोबा-पणजोबांनी मिस्सा लॅटिन भाषेत ऐकली. एवढ्या परिश्रमाने जे वचन आपल्या बोलीपर्यंत येऊन पोहोचले, ते धूळ खात पडावे, याचे वाईट वाटते.

कोरडे दिवस

या लेखाचा खरा विषय येथे आहे, कारण नवीकरण हवे असते ते कोरड्या दिवसांतच. नियमाने वाचणाऱ्यालाही आठवडेच्या आठवडे काही जाणवत नाही. अशा वेळी वाचन ढोंगीपणाचे तर होत नाही ना, असे प्रामाणिक माणसाला वाटते.

ख्रिस्तसभेच्या प्रहरप्रार्थनेत दर शुक्रवारी रात्री झोपण्यापूर्वी ८८ वे स्तोत्र म्हटले जाते. संपूर्ण स्तोत्रसंहितेत इतके काळोखे स्तोत्र दुसरे नाही. इतर विलापस्तोत्रे बहुधा शेवटी आशेकडे वळतात. हे वळत नाही. आप्तमित्र दूर गेले आणि सोबतीला अंधार उरला, येथेच ते संपते. तरीही ते प्रार्थनाच आहे, कारण ज्याच्याविषयी तक्रार आहे त्यालाच उद्देशून ते म्हटलेले आहे. जगभरातील धर्मगुरू आणि धर्मभगिनी, त्या रात्री त्यांचे मन प्रसन्न असो वा नसो, हे शब्द उच्चारतात. त्या क्षणी कोठेतरी कोणीतरी खरोखरच त्या अंधारात असतो, आणि त्याच्या वतीने ते म्हटले जातात. भावना नसताना केलेल्या प्रार्थनेचा अर्थ यातून थोडा उमगतो.

दुसरे उदाहरण आपल्या काळातील आहे. व्हिएतनामचे महागुरू फ्रान्सिस झेवियर न्गुयेन व्हान थुआन यांना १५ ऑगस्ट १९७५ रोजी, स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या दिवशी, अटक झाली. पुढची १३ वर्षे ते बंदिवासात होते आणि त्यांपैकी ९ वर्षे एकांतकोठडीत. बायबल त्यांना सोबत नेता आले नव्हते. त्यांनी मिळतील ते कागदाचे कपटे गोळा केले, त्यांची चिमुकली वही बांधली आणि शुभवर्तमानातील आठवतील ती ३०० हून अधिक वचने त्यांवर लिहून काढली. तेच त्यांचे बायबल. औषध म्हणून पाठविलेल्या द्राक्षारसाचे तीन थेंब आणि पाण्याचा एक थेंब तळहातावर घेऊन ते मिस्सा अर्पण करीत. १९८८ मध्ये त्यांची सुटका झाली. २००० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांच्यासमोर त्यांनी उपवासकाळातील तपसाधना चालविली, २००१ मध्ये ते कार्डिनल झाले आणि पुढच्याच वर्षी निवर्तले. कोठडीत कामी आली ती वचने कोठडीत पाठ झालेली नव्हती. त्याआधीच्या कित्येक साध्या, कदाचित कोरड्याही, सकाळी ती एकेक करून आत साठत गेली होती. मान्न्याच्या कथेतही याला जागा आहे : रात्रभर ठेवलेला मान्ना नासत असला तरी, देवाच्या आज्ञेने भांड्यात भरून देवापुढे ठेवलेला एक ओमर पुढच्या पिढ्यांसाठी टिकला.

घरी करताना

वेळ ठरवावी आणि ती लहान ठेवावी. पंधरा मिनिटे रोज, हे रविवारी दोन तासांपेक्षा अधिक टिकते. ज्यांना पहाटे ५ ची गाडी गाठायची असते त्यांनी आदल्या रात्री उद्याचे शुभवर्तमान वाचून एक शब्द मनात घेऊन झोपावे. सकाळी गर्दीत उभे राहून पुस्तक उघडता येत नाही, पण रवंथ करता येते. मोबाइलवर वाचायला हरकत नाही, मात्र वाचून होईपर्यंत इतर सूचना बंद ठेवाव्यात. शक्य तेथे मोठ्याने वाचावे. एकट्याने वाचतानाही ओठ हलू द्यावेत, डोळ्यांनी निसटलेला शब्द कानाला सापडतो.

आपल्याकडे बऱ्याच घरांत सायंकाळी जपमाळेची प्रार्थना होते. तिला जोडून दिवसाचे शुभवर्तमान वाचणे सर्वांत सोपे. वाचन रोज वडीलधाऱ्यांनीच करावे असे नाही. शाळकरी नातवाने वाचावे, अडखळला तर आजीने सांभाळून घ्यावे. वाचून झाल्यावर लगेच प्रवचन देण्याचा मोह टाळावा. मिनिटभर शांत बसून प्रत्येकाने आपल्याला लागलेला एकच शब्द सांगावा. ज्याला काही सांगायचे नाही त्याला न सांगण्याची मुभा असावी. मुले इंग्रजी माध्यमात शिकत असतील तर मराठीतील काही शब्द त्यांना कळत नाहीत; तेवढे समजावून सांगण्यात जाणारा वेळही वाचनातच मोजावा.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचे वाचन करून हिशेब भरून काढू नये. चुकलेला उतारा सोडून द्यावा आणि आजचा घ्यावा. अनेकांचे नित्यवाचन बंद पडते ते याच थकबाकीच्या ओझ्याने. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात लेखक ९५ व्या स्तोत्राचा आधार घेऊन सांगतो की, ‘आज’ असे जोवर म्हणता येते तोवर दररोज एकमेकांना धीर द्या. पहाटेच्या प्रार्थनेचा आरंभ ख्रिस्तसभा याच ९५ व्या स्तोत्राने करते. सुरुवात करण्यासाठी आगमनकाळाची किंवा नव्या वर्षाची वाट पाहण्याची गरज नाही. दिनदर्शिकेत आजच्या तारखेपुढे कोणते शुभवर्तमान छापले आहे तेवढे पाहावे आणि तेथून वाचायला घ्यावे.